संगीताचं बटण

४ मार्च

भुंग्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी मनासारखं रागावून घेऊ दे.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर मी रागावले की तू "हो मावशी, हो ना मावशी" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर टकटकत असतात. पत्र वाचताना तरी तुला दुसरं काही करता येणार नाही. उत्तरही कागदावरच दे. मी फोन उचलणार नाही.

परवा सकाळी चहा घेत बसले होते. फोनवर एक निळा चौकोन आला. "तुमचा ऐकण्याचा अनुभव आम्ही आणखी सुंदर केला आहे!" खाली एकच बटण, "छान!" छान नाही असं म्हणायची सोयच नाही. ते दाबल्याशिवाय चौकोन हलेना, म्हणून दाबलं.

दुपारी पियानोपाशी बसले. डाव्या हाताने खालचा एक सूर वाजवला आणि पेडल दाबून धरला. लहानपणी पियानोखाली बसून तू ज्या सुरांबरोबर गुणगुणायचास (म्हणून तर तुझं नाव भुंगा पडलं), त्यातलाच एक. सूर निघाला आणि कुणी त्याच्या तोंडावर उशी दाबावी तसा बंद झाला. पुन्हा वाजवला, पुन्हा तेच. वाटलं, तार गेली. झाकण उघडून पाहिलं तर तार चांगली थरथरत होती. तिला बोट टेकवलं तर बोटाला कळत होतं, माझ्या कानाला नाही.

मग कानाच्या यंत्राचं ते अ‍ॅप उघडलं. जिथे "संगीत" असं बटण होतं तिथे आता हसरा चेहरा आहे आणि त्याखाली लिहिलंय, "आता सगळं आपोआप!"

तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी मी शिकवणं सोडायच्या बेतात होते. वरच्या पट्टीतलं काही ऐकूच येईना. तेव्हा तूच ही यंत्रं आणलीस. "आमच्या कंपनीची आहेत मावशी, एकदम भारी." कान तपासणाऱ्या बाईंनी अख्खी दुपार घालवून, दुकानात एक छोटा कीबोर्ड मागवून, माझ्याकडून एकेक सूर वाजवून घेत ते संगीताचं बटण जुळवून दिलं. त्या दिवशी मी घरी येऊन पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, तशीच वाजवायला बसले होते.

बोलणं आता पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं, हे मान्य. भिंतीपलीकडच्या बाई नवऱ्याला काय म्हणतात तेसुद्धा कळतं, आणि ते कळायची मला मुळीच गरज नाही. पण माझ्या पियानोला तुमचं यंत्र गोंगाट समजतं. घराच्या मालकिणीला न विचारता तिची एक खोली विटांनी बुजवून टाकायची आणि वर म्हणायचं, घर सुंदर केलं! ही कुठली रीत?

बटण परत लाव. कुणाला सांगायचं ते सांग, कुणाशी भांडायचं त्याच्याशी भांड. मला माझा सूर पूर्ण ऐकायचा आहे.

आशीर्वाद. रागातले आहेत, तरी लागू पडतील.

मावशी


१२ मार्च

मावशी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि खरंच दुसरं काही करता आलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने घाबरून विचारलं, "कोणी गेलं का?" म्हटलं, "नाही, मावशी आली आहे. लिफाफ्यातून."

आधी साधं सांगतो. दोन्ही यंत्रं रात्रभर चार्जरवर ठेव, फोन बंद करून चालू कर. कधी कधी तेवढ्याने भागतं.

न भागल्यास कारण असं. कानातलं यंत्र मुळात शीळ घालतं. आत सोडलेला आवाज बाहेर गळतो, मायक्रोफोन तोच परत पकडतो आणि कूं सुरू होतं. तुझ्या पहिल्या यंत्राची आठवण काढ, जेवायच्या टेबलावर सगळे हसायचे. नवीन सॉफ्टवेअर ती शीळ लगेच ओळखून दाबतं. आता एकच सूर एकसारखा लांबला की यंत्राला वाटतं, हीच ती शीळ. संगीताच्या बटणाने हे दाबणं बंद ठेवता यायचं.

ते बटण काढायचं त्यांनी ठरवलं, कारण ते फारसं कुणी वापरत नव्हतं. शंभरातली जेमतेम दोन माणसं. प्रत्येक नव्या आवृत्तीत ते सांभाळायला माणसं लागतात. आणि मावशी, खरं सांगू? आमची बहुतेक गिऱ्हाइकं तुझ्याइतकं वाजवत नाहीत. त्यांना नातवंडं काय बोलतात ते ऐकायचं असतं. त्यांच्यासाठी हे अपडेट वरदान आहे. रोज आभाराचे निरोप येतात.

अ‍ॅपमध्ये मदतीची खिडकी आहे, तिथे तक्रार नोंदव. जितक्या तक्रारी येतील तितकं बरं. आणि थोडे दिवस धीर धर, कानालाही नव्याची सवय लागते.

आई विचारते, तिच्यावरही रागावली आहेस का?

तुझा
भुंगा


२० मार्च

भुंग्या,

तुझ्या आईवर मी का रागवेन? तिने तुला जन्म दिला एवढंच. बाकीचं तू स्वतः केलंस.

चार्जरवर ठेवलं. फोन बंद करून चालू केला. हसरा चेहरा तसाच हसतो आहे.

मदतीच्या खिडकीत लिहिलं. उत्तर इतक्या लवकर आलं की माझं वाक्य तिने वाचलं असणंच शक्य नाही. "तुमची नाराजी मी समजू शकते." मी लिहिलं, "तुम्ही माणूस आहात का?" ती म्हणाली, "मी तुमची सहायक आहे. तुमच्या भागातील बोलणं अधिक स्पष्ट ऐकण्यासाठी पाच युक्त्या सांगू का?" मी लिहिलं, "मला पियानो ऐकू येत नाही." ती म्हणाली, "पियानो ही एक सुंदर आवड आहे!" शेवटी मला विचारलं, माझ्या सेवेला किती तारे द्याल. शाळेत सिस्टर आम्हाला उर्मट उत्तर दिल्याबद्दल भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. हिला मी कुठल्या भिंतीकडे उभी करू?

कान तपासणाऱ्या बाईंकडे गेले. बिचारीने आपला संगणक माझ्याकडे वळवून दाखवला. तिच्याही बाजूने ते बटण गेलं आहे. म्हणाली, "आम्हाला तरी कुठे विचारतात? एक दिवस येऊन बघते तर निम्मा पडदा रिकामा."

आता ऐक, काय झालं ते. सोमवारी एक मुलगी शिकायला आली होती. तुकडा संपवताना तिने पेडल सोडलंच नाही, सगळे सूर एकमेकांत कालवून चिखल झाला. मला ऐकू आली ती फक्त सुरांची सुरुवात. मी म्हटलं, "छान, अगदी स्वच्छ." मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिची आई दारात उभी होती. तिने मुलीकडे बघितलं, मुलीने तिच्याकडे. संध्याकाळी आईचा निरोप आला की आम्ही थोडे दिवस ब्रेक घेतो. सौजन्याने लिहिला होता, खाली फुलाचं चित्रसुद्धा होतं. मी किती वेळ ते फूल बघत बसले. इतक्या वर्षांत मला मुलांची कीव आली, कधी राग आला, पण मुलीला माझी कीव यावी असं झालं नव्हतं.

आणि तू मला म्हणतोस, धीर धर.

तुझ्या पत्रात एक शब्द आहे, "त्यांनी". त्यांनी ठरवलं. हे "त्यांनी" कोण रे? कुठल्या खोलीत बसतात?

आणि ती शंभरातली दोन माणसं. यंत्रं बसवलीस त्या दिवशी माझा फोन प्रश्न विचारत सुटला होता. तुमच्या वापराची माहिती कंपनीला पाठवू का? आवाजाचे नमुने पाठवू का? मी चष्मा शोधत होते. तू माझ्या हातातून फोन काढून घेतलास. "मावशी, या सगळ्याला नाही म्हणायचं. कायम नाही. तुझ्या कानात काय चाललंय ते त्यांना कशाला?" मी म्हटलं, अरे, तुझीच कंपनी ना? तू म्हणालास, "म्हणूनच सांगतोय." मला केवढं कौतुक वाटलं होतं! तेव्हापासून मी सगळ्याला नाही म्हणते. दुकानवाल्यांना, बँकेला, हवामान सांगणाऱ्या त्या ढगालासुद्धा.

मग आता मला सांग. मी रोज दुपारभर ते बटण वापरत होते, हे तुम्हाला कोणी कळवलं? त्या शंभरात मी आहे का?

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

उत्तराला उशीर झाला. कामात होतो असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

तू त्या शंभरात आहेस आणि नाहीस. ज्यांनी माहिती द्यायला "नाही" म्हटलं, त्यांची यंत्रं आमच्या तक्त्यात मोजली गेली, पण त्यांच्यापुढे वापर शून्य पडला. म्हणजे तू चार वर्षं संगीताच्या बटणाला हातही लावला नाहीस, असं आमच्याकडे लिहिलं आहे. मी स्वतः उघडून पाहिलं. आणि तुझ्यासारखे पुष्कळ आहेत. किती, ते कळायला मार्गच नाही.

"त्यांनी" मध्ये मी होतो. बैठकीत विचारलं, बटण काढायला कुणाची हरकत आहे का. माझी नव्हती. मला तुझी आठवणसुद्धा आली नाही मावशी, समोर वापराची एक उतरती रेघ होती, तिच्याकडे बघत होतो.

गेल्या आठवड्यात मी साहेबांपुढे हा शून्याचा घोटाळा मांडला. ते म्हणाले, "ज्यांना मोजून घ्यायचं नाही, त्यांनी मग तक्रारही करू नये." सगळे हसले. मीही हसलो.

पण एक मार्ग निघाला आहे. संगीत ऐकणाऱ्या काही लोकांचा एक लहान गट करणार आहेत. त्यांना बटण परत मिळेल, लगेच. अट एकच, त्यांनी सहा महिने यंत्रांना खोलीतला आवाज साठवू द्यायचा, म्हणजे सॉफ्टवेअरला सूर आणि शीळ यांतला फरक शिकवता येईल. कोणी माणूस बसून ऐकत नाही, यंत्रच ऐकतं. निदान बहुतेक वेळा. तुझं नाव मी घातलं आहे. फोनवर चौकोन येईल, त्यावर "मान्य" दाब.

फक्त एक बटण आहे, मावशी. दाब आणि वाजवायला बस. मला तू वाजवत नाहीस हे सहन होत नाही.

भुंगा


२९ एप्रिल

भुंग्या,

चौकोन आला. दोन आठवडे तो माझ्या फोनवर बसून होता, दारात बसलेल्या विक्रेत्यासारखा.

माझ्या एकटीचाच प्रश्न असता तर त्याच दिवशी दाबलं असतं. खोटं कशाला बोलू? अंगठा त्याच्यावर नेऊन ठेवला होता. पण माझ्या त्या खोलीत मी एकटी नसते. लोक येतात, बोलतात, मुलं रडतात, आयांच्या तक्रारी सांगतात. म्हणून मी प्रत्येकाला विचारायचं ठरवलं.

लोक काय म्हणाले ते ऐक. एका मुलाचे वडील हसायलाच लागले. "टीचर, आमचा टीव्हीसुद्धा ऐकतो. बायको काल चपलांबद्दल बोलली, आज माझ्या फोनवर चपलाच चपला. दाबा बिनधास्त." एका आईने विचारलं, "आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" आणि लगेच मुलाला म्हणाली, "बाबांच्या नोकरीचं इथे काही बोलत नाहीस ना रे?" एका आजोबांनी मला समजावलं की याला आता कायदा आहे. मी म्हटलं, "आहे ना. पण आपण 'मान्य' दाबलं की तो बाजूला होऊन वाट करून देतो." ते म्हणाले, "मग कायदा कशाला केला?" मला उत्तर आलं नाही. तुला येत असलं तर त्यांना कळव.

सगळे हो म्हणाले. उरले बुधवारचे डॉक्टर. दातांचे डॉक्टर आहेत, वय माझ्याएवढं. त्यांच्या घरचा पियानो बायकोचा. ती गेल्यावर विकायला काढला होता, मग विकण्याऐवजी शिकायला आले. बोटं जाड, ताल नाही, प्रगती शून्य. हे शून्य मात्र खरं, तुमच्या तक्त्यातलं नव्हे. पण वाजवताना ते तिच्याशी बोलतात. "चुकलं ना गं? थांब, हसू नकोस, परत घेतो." कधी भांडतातही. घरी सून, मुलगा, नातवंडं. तिथे बोलले तर त्यांना डॉक्टरकडे नेतील. मी खिडकीपाशी बसते आणि ऐकलंच नाही असं दाखवते. आम्ही याबद्दल कधी एक शब्दही बोललो नाही.

त्यांना विचारायची मला लाज वाटत होती. तरी विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "टीचर, तुमचे कान महत्त्वाचे. दाबा तुम्ही. मी गप्प वाजवीन."

आणि त्यांनी तसं केलं! मी काही दाबलेलं नसताना त्या बुधवारी ते सबंध तास गप्प वाजवत बसले. ओठ घट्ट मिटून. एखादं मूल मार बसायच्या आधीच अंग चोरून बसतं, तसे. एकदा चूक झाली, मान जराशी डावीकडे वळली, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला ते बघवेना. मी उठून पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे एकटीच रागावून घेतलं. तुमच्यावर. माझ्यावर. त्या "छान!" वर.

एका म्हाताऱ्या माणसाच्या बायकोला त्या खोलीतून बाहेर काढून मला माझे सूर परत घ्यायचे नाहीत. म्हणून मी "मान्य नाही" दाबलं. त्यावर फोनने विचारलं, "तुमची खात्री आहे का?" मग विचारलं, "का बरं?" मग म्हणाला, "नंतर आठवण करू?" मला नाही म्हणायला चार वेळा नाही म्हणावं लागलं. हो म्हणायला एकदाच पुरलं असतं. ही पायरी कुणी बांधली रे? तीही उतरत्या रेघेकडे बघूनच बांधली का?

तुझ्या साहेबांना विचार, ज्यांना मोजून घ्यायचं नाही त्यांनी ऐकायचंही नाही, असा तुमचा नियम असेल तर तो यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात का छापत नाही?

आणि तू. माझ्या हातातून फोन काढून घेणारा मुलगा कुठे गेला? मला त्याचा पत्ता हवा आहे. तुझा आहेच माझ्याकडे.

मावशी


८ मे

मावशी,

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. डॉक्टरांचा भाग गाळला, तो माझा नाही. या वेळी कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, मुद्दा चांगला आहे, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, माझी मावशी पुढच्या वर्षीपर्यंत काय ऐकेल? ते म्हणाले, घरच्या गोष्टी इथे आणू नकोस. मग पुढचा विषय सुरू झाला. बॅटरीचा.

आता हे पत्र वाचून फाडून टाक. जुनी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर आहे. केबल लावून मी ती तुझ्या यंत्रांत परत घालू शकतो. मग ती यंत्रं फोनला कधीच जोडायची नाहीत, नाहीतर पुन्हा नवीन येईल. बिघडली तर कंपनी हात लावणार नाही. संगीताचं बटण यंत्रावरच्या छोट्या कळीवर बसवून देईन. डॉक्टरांचा आवाज तुझ्या कानाच्या बाहेर कुठेही जाणार नाही, हे मी स्वतः तपासलं आहे.

असं करायला आम्हाला मनाई आहे. कळलं तर नोकरी जाईल. म्हणून फक्त तुझ्यासाठी, आणि आईलाही सांगू नकोस. तेवीस तारखेला, रविवारी दहा वाजता येतो.

भुंगा


१५ मे

भुंग्या,

ये. जेवायलाच ये. पत्र फाडलं नाही, मला ते आवडलं. पहिल्यांदाच त्यात "त्यांनी" नव्हतं.

पण एक गोष्ट झाली आहे, ती आधीच सांगते. दारात आल्यावर तोंड पाडू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कान तपासणाऱ्या बाईंकडे यंत्रांच्या रबरी टोप्या बदलायला गेले होते. बाकावर एक गृहस्थ बसले होते, मांडीवर व्हायोलिनची पेटी. बाईंना सांगत होते, "गज ओढला की अर्ध्यावरच आवाज मरतो हो. तीस वर्षं वाद्यवृंदात वाजवलं, आता घरच्यांना वाटतं मीच बिघडलो." त्यांच्या शेजारी एक बाई, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. त्यांना तर वाटत होतं की हे मरण जवळ आल्याचं लक्षण आहे. मुलाबाळांना पत्रं लिहून ठेवली होती त्यांनी! दोघांनीही फोनला सगळं "नाही" सांगितलेलं. दोघेही तुमच्याकडे शून्य.

त्यांच्याकडे बघत मी तिथे बसले आणि माझ्या पर्समध्ये तुझं पत्र होतं. "फक्त तुझ्यासाठी." त्यांना कुठला भाचा आहे रे?

माझ्या एकटीच्या कानात चोरून सूर घालशील, आणि सोमवारी परत त्या खोलीत जाऊन हसशील. मला असले सूर नकोत. मी तुझ्यावर प्रेम करते म्हणून तुला एवढं स्वस्तात सुटू देणार नाही.

मी त्या दोघांना तेवीस तारखेला बोलावलं आहे. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या आणखी तिघांना. कान तपासणाऱ्या बाईही येणार आहेत, म्हणाल्या, "मला शिकवा, मी दुकानात करीन, होऊ दे काय व्हायचं ते." तुझी आई डबे घेऊन येते आहे. हो, तिला सांगितलं. तुझं नाव, तुझी कंपनी, सगळं सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांकडून चार खुर्च्या आणल्या आहेत. ते परत बोलत बोलत वाजवतात. खुर्च्या आणून देतानाही बोलत होते, मी ऐकलं नाही.

नोकरीची भीती तुला वाटते, ती खोटी नाही. म्हणून तुला विचारते, जसं मला कुणी विचारलं नव्हतं. यायचं नसेल तर येऊ नकोस. मी या सगळ्यांना सांगेन की माझ्या भाच्याला जमलं नाही, आणि तुझ्याबद्दल एक वावगा शब्द कुणाला बोलू देणार नाही. फक्त मग यापुढे पत्रात मला "सहन होत नाही" असं लिहायचं नाही.

येणार असशील तर बेल वाजवत उभा राहू नकोस. आमची बेल एकाच सुरात लांब वाजते, आणि आत यंत्रं घालून बसलेल्या एकालाही ती धड ऐकू येणार नाही. दार उघडं ठेवते.

मावशी